कोयत्याच्या पेपरवरचं दुसरं नाव

दशक्रियेला माइकवर अकरा माणसं बोलली आणि त्यांत सगळ्यांत चांगलं बोलले ते सुदर्शन सर. बाकीच्यांचं ठरलेलं होतं. दादाभाऊ मिस्तरी म्हणजे मनमिळाऊ माणूस, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं सेवा, अमक्या गावच्या ग्रामस्थांच्या वतीने, तमक्या पतसंस्थेच्या वतीने भावपूर्ण श्रद्धांजली. एकाने तर दादाभाऊंचं दत्ताभाऊ करून टाकलं आणि मागून कोणी दुरुस्त केल्यावर ‘तेच ते’ म्हणून गाडी पुढे रेटली.

सुदर्शन सरांनी तसं काही केलं नाही. ते माइकपाशी उभे राहिले, चपला बाजूला काढून ठेवल्या आणि पुण्याची भाषा सोडून डिंगोऱ्याच्या भाषेत बोलले. “मी तुमच्यातलाच, डिंगोऱ्याचा. पुण्यात पोरांना धातुशास्त्र शिकवतो. पण लोखंड म्हणजे काय ते मला कळलं या माणसाच्या शेडात. तेजस्विनीचा आणि आमचा पेपर परदेशातल्या जर्नलमधी छापून येणारे. त्याच्यावर दादाभाऊंचं नाव असंल, आणि ते माझ्या नावाच्या आधी असंल.”

नदीकाठी बसलेली म्हातारी माणसं माना हलवत राहिली. बायकांच्या बाजूला दादाभाऊंच्या पत्नी साळुबाईंनी पदर तोंडाशी नेला. तेजस्विनी आईला टेकून बसली होती. वडील गेल्यापासून दहा दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून नीट झालं.

पाचच दिवसांपूर्वी त्याच सरांनी ते नाव कापलेलं होतं. हे तिला कळायला पुढे महिना गेला.

कळलं तेही पारगावातल्या घरात, भर दुपारी. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, तेजस्विनी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने चहा पीत होती आणि भावजय समृद्धी पलीकडे भाकरी थापत होती. जर्नलकडून पेपरची छपाईआधीची पानं तपासायला आली होती. चुका असतील तर अठ्ठेचाळीस तासांत कळवा. तिने पहिलं पान उघडलं. शीर्षकाखाली तीन नावं होती. पहिलं तिचं. तिसरं सुदर्शन सरांचं. मधलं विभागप्रमुखांचं, ज्यांनी कोयता आयुष्यात कधी हातात धरला असेल की नाही कोण जाणे.

तिला आधी वाटलं, छापणाऱ्यांची चूक. तिने शेवटचं पान काढलं. आभारांच्या परिच्छेदात चार ओळी होत्या: कॉलेजचे आभार, सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्याचे आभार, निधी देणाऱ्यांचे आभार, आणि सगळ्यांत शेवटी ‘नमुने बनवून देणाऱ्या स्थानिक लोहाराचे’ आभार.

नावसुद्धा नाही. आणि लोहार. दादाभाऊ पोखरकर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, शेती करत होते आणि संध्याकाळी हौसेने भट्टी पेटवत होते. गावात त्यांना कोणी लोहार म्हटलं असतं तर त्यात त्यांना कमीपणा वाटला नसता. पण पारगावात पिढीजात लोहारकाम करणारं घर वेगळं होतं, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या कारागिराकडूनच आपण हे शिकलो असं ते प्रत्येकाला सांगत. सरांना हे चांगलं माहीत होतं. शेडात तीनदा बसून त्यांनी ते ऐकलेलं होतं.

“ताई, चहा निवतोय,” समृद्धी म्हणाली.

तेजस्विनीने कप तसाच हातात धरून पहिलं पान पुन्हा उघडलं.

हा पेपर कसा झाला ते सांगायला हवं, नाहीतर एका नावासाठी एवढा संताप कशाला, असं कोणालाही वाटेल.

तेजस्विनी पुण्यात सुदर्शन सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय होता स्प्रिंगच्या पोलादाचा. ट्रक मोडीत निघाला की त्याच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे बाजारात येतात आणि ऊसतोडीचे कोयते त्याच पाट्यांतून बनतात. सगळे बनवतात. पण दादाभाऊंच्या कोयत्याला तोडणी कामगार वाट वाकडी करून येत. पाणी पाजणं, म्हणजे तापवलेलं लोखंड बुडवून कडक करणं, हे ते दोन टप्प्यांत करायचे. लाल झालेल्या पात्याची धार फक्त दोन बोटं पाण्यात, मनातल्या मनात ठरावीक आकडा, मग बाहेर. पाठीतली उष्णता धारेकडे उतरू द्यायची. घासलेल्या जागेवर रंग पळताना दिसतो, आधी गव्हाच्या काडीसारखा, मग तांबूस. तो तांबूस जांभळ्याकडे झुकायला लागला की पातं तेलात. धार कडक राहते, पाठ लवते, आणि पातं मोडत नाही. तेजस्विनीने ती पाती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा आत जे दिसलं ते तिच्या पुस्तकांत भट्टीचं तापमान अंशाअंशाने सांभाळून मिळवलेलं होतं.

इथपर्यंत असतं तर कदाचित आभार पुरले असते. पण प्रयोग शेतात कसा करायचा ते ठरवलं दादाभाऊंनी. तिने आराखडा आणला होता: तीन प्रकारचे कोयते, तीन कामगारांना एकेक, आठ दिवस, मग धार तपासायची. त्यांनी तो कागद वाचला आणि परत दिला.

“ह्यात भागूचा हात मोजशील तू, कोयता न्हाई.”

“म्हणजे?”

“भागूचा हात लई जड. त्याच्या हाती कुठलाबी कोयता दे, दुपारपातुर बोथट. झुंबरबाईचा हात हलका, ती पत्र्यानंबी ऊस तोडंल. कोयते रोज फिरवायचे. आज भागूच्या हातात पयला, उद्या दुसरा, परवा तिसरा. तिघांच्या हातून तिन्ही गेले म्हंजी हाताचा गुण निघून जातो. राहील तो कोयत्याचा.”

“आणि मोजायचं काय? धारेची जाडी?”

“ती मोज तुझ्या मशीनवर. पर शेतात हे मोज, की दिवसात धारेला कानस किती वेळा मारली. तोडणारा माणूस उगं थांबत न्हाई. थांबला म्हंजी धार गेली.”

ही रीत मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवतात, तिला मोठं नाव आहे आणि तिच्यावर जाड पुस्तकं आहेत. त्यांतली दोन तेजस्विनीने वाचलेली होती आणि तरीही तिला ती सुचली नव्हती. गेल्या गळीत हंगामात पारगावच्या फडात त्यांनी ती नऊ दिवस राबवली, तीन फेऱ्या पूर्ण केल्या.

मे महिन्यात पेपर पाठवायला ती घरी आली होती. जर्नलच्या फॉर्मला प्रत्येक लेखकाचा स्वतंत्र ईमेल लागत होता. तिने वडिलांच्या फोनवर तो काढून दिला.

“मला पत्र कोन पाठीवणार?” दादाभाऊ म्हणाले.

“जर्नल पाठवेल.”

“मराठीत?”

“नाही.”

“मग कशाला माझ्या जिवाला घोर.” मग फॉर्मने संस्था विचारली. “लिही, पत्र्याचं शेड, मु. पो. पारगाव.”

“हुद्दा?”

“पेन्शनर.”

तिने ‘स्वतंत्र संशोधक, पारगाव’ असं लिहिलं. पुढे कोणी काय काम केलं याच्या चौकटी होत्या. प्रयोगाची रचना या चौकटीत तिने वडिलांचं नाव घातलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते उठून शेडात गेले आणि बराच वेळ उगीच हत्यारं पुसत बसले.

जुलैच्या शेवटी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. दोघांनीही किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या होत्या, आणि एकाने लिहिलं होतं की शेतातल्या चाचणीची रचना हा या लेखाचा सर्वांत भक्कम भाग आहे. तिने फोनवर ते मराठी करून सांगितलं. दादाभाऊ म्हणाले, “त्याला म्हणावं, भागूला भेट एकदा.”

चौदा ऑगस्टला सकाळी गोठ्यापाशी त्यांच्या छातीत कळ आली आणि मंचरच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. दुरुस्त्या करून पेपर परत पाठवायचं काम सरांनी आपणहून अंगावर घेतलं. “तू काही बघू नकोस, मी आहे,” असं ते म्हणाले होते, आणि तिला भरून आलं होतं.

आता तिने कप खाली ठेवला आणि सरांना फोन लावला.

“बोल तेजस्विनी. प्रूफ आलं ना? मस्त दिसतंय.”

“सर, आण्णांचं नाव नाहीये.”

“हं. ते मी तुला सांगणारच होतो. तुझी मनःस्थिती बघून थांबलो.”

“का काढलं?”

“प्रॅक्टिकल विचार कर जरा. गेलेल्या माणसाचं नाव ठेवलं की जर्नल दहा प्रश्न विचारतं. आणि विभागप्रमुखांचं नाव घालणं भाग होतं, मशीन त्यांचं. तीनच्या वर नावं गेली की कॉलेजच्या मोजणीत सगळ्यांचे गुण कमी होतात. कोणीतरी एक जाणारच होतं.”

“म्हणून जो बोलणार नाही तो गेला.”

“हे बघ, मी काय तुझ्या वडिलांचा दुश्मन नाही. मी डिंगोऱ्याचा आहे. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी मी गावाचा पत्ता दिला होता, तर गाईड म्हणाले, हे काय बचतगटाचं प्रदर्शन आहे का? हे जग असं आहे. मिस्तरीचं नाव दिसलं की लोक लेख गांभीर्याने घेत नाहीत.”

“दोन्ही परीक्षकांनी नाव वाचूनच लेख पास केला, सर. नावं झाकलेली नव्हती.”



“आणि चोरून काही केलेलं नाही,” सर म्हणाले. “जर्नलची पद्धत आहे. नाव काढायचं तर ज्याचं काढायचं त्याचीसुद्धा संमती लागते. ती आहे. दादाभाऊंची संमती रीतसर नोंदलेली आहे.”

“कधीची?”

“तारीख बघावी लागेल.”

“आण्णा चौदाला गेले. तुम्ही पेपर वीसला पाठवलात. संमती कधीची?”

“तुझ्या भावाला विचार,” सर म्हणाले, आणि वर्ग असल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

सूरज संध्याकाळी डेअरीवरून आला. गाडी लावून तो आत येतो न येतो तोच तिने विचारलं, “आण्णांच्या फोनवर जर्नलची लिंक आली होती का?”

“कसली लिंक?”

“सरांनी तुला फोन केला होता का? आण्णा गेल्यावर?”

सूरजने रिकाम्या किटल्या खाली ठेवल्या. “केला व्हता की. पाचव्या दिशी. घरात पावणं बसल्यालं, मी चहाचं बघत व्हतो. मला म्हणले, सूरजराव, आण्णांच्या फोनवर एक मेल आलाय, त्यातलं बटन दाबा आन् खाली आण्णांचं नाव टाइप करा. ताईला नका सांगू, ती आधीच खचलीय. पेपर अडकून पडंल न्हाईतर.”

“आणि तू दाबलंस.”

“दाबलं.”

“ती आण्णांची सही होती, सूरज.”

“मग? आण्णांच्या सह्या मीच करतो कायम. सोसायटीत मीच करतो, डेअरीच्या रजिस्टरवर मीच करतो, वीजबिलाच्या तक्रारीवर मीच केली. त्यांचा हात भाजल्यापासनं त्यांनी पेन धरलाय का? सगळं गाव करतं. गेणभाऊ जाऊन दीड वर्स झालं, अजून त्यांची सही त्यांचा पोरगा मारतोय, कारण वारसनोंद झाली न्हाई.”

“काय लिहिलं होतं त्यात, ते वाचलंस?”

“इंग्लिश व्हतं.”

“म्हणजे वाचलं नाहीस.”

“ताई, मला काय कळणार त्यातलं.”

“कळत नव्हतं तर मला विचारायचं होतं. मी पलीकडच्या खोलीत होते. दहा पावलांवर. तुला सूरजराव म्हटलं की झालं. एका कागदावर मेलेल्या बापाच्या नावाने लिहून दिलंस की माझं काम माझं नाही, आणि वर चहा वाटत फिरलास. न वाचता. एक ओळ न वाचता.”

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर सूरजला सोपं गेलं असतं. त्यानेही आवाज चढवला असता आणि भांडण होऊन गेलं असतं. ती एकेक शब्द मोजून बोलत होती आणि तो किटल्यांकडे बघत उभा होता. समृद्धी दारात येऊन थांबली, आत गेली.

साळुबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, “पुरं. बाप गेला त्याचाबी.”

“बाप गेला त्याचा, आणि बापाचं नाव यानेच—”

“पुरं म्हणलं ना मी.”

सूरज न जेवता मळ्यात निघून गेला.

त्याच संध्याकाळी तेजस्विनीने जर्नलच्या कचेरीला लिहिलं: मी पहिली लेखिका आहे, लेखकांच्या यादीत बदल केल्याचा फॉर्म मला पाहायचा आहे, कृपया प्रत पाठवावी. लिहिताना तिच्या मनात पुढचं पत्र तयार होत होतं. त्यात सर होते, विभागप्रमुख होते, मृत माणसाची सही मिळवणारं कॉलेज होतं. वाक्यं कशी धारदार होतील ते ती ठरवत होती. आयुष्यभर वाचलेलं सगळं अशा वेळी हाताशी येतं. सूरजचा उल्लेख कसा करायचा तेही तिने ठरवलं: ‘कुटुंबातील एका व्यक्तीची दिशाभूल करून’. त्याला वाचवायचं म्हणून नव्हे, त्याचं नाव त्या पत्रात घालायची तिची इच्छा नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फॉर्म आला. एकच पान. वर पेपरचा क्रमांक, त्याखाली मजकूर: ‘आम्ही खाली सही करणारे सर्व जण पुढील बदल वाचून व समजून घेऊन त्यास मान्यता देत आहोत.’ खाली नावं आणि वेळा. सुदर्शन सर, अठरा ऑगस्ट, सकाळी नऊ. विभागप्रमुख, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. दादाभाऊ कुशाबा पोखरकर, सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटं. सूरजने आजोबांचं नावही बरोबर टाइप केलं होतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. तेजस्विनी दादाभाऊ पोखरकर, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग आपला मेल उघडून अठरा ऑगस्ट शोधला. होता. जर्नलचाच होता, विषयात पेपरचा क्रमांक आणि ‘आपली मान्यता आवश्यक’. त्याच्या अर्धा तास आधी सरांचा मेसेज: ‘दुरुस्तीसोबतचे फॉर्म येतील, फक्त ओके कर, बाकी मी बघतो.’ आणि तिचं उत्तर: ‘केलं सर. थँक यू.’

तिला आठवतही नव्हतं. पाचवा दिवस. आत बायका बसल्या होत्या, नारायणगावची आत्या गळ्यात पडून रडत होती, आणि आत्याच्या खांद्यावरून हात पुढे करून तिने फोनवर कुठलंतरी बटण दाबलं असणार. जी पोरगी औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचते, बसचं तिकीट वाचते, शेंगांच्या पुड्याला आलेला वर्तमानपत्राचा तुकडा वाचल्याशिवाय फेकत नाही, तिने. तिला इंग्लिश येत होतं. सूरजला येत नव्हतं.

ती शेडात गेली. भट्टी थंड होती, तिच्यावर पोत्याचा तुकडा टाकलेला होता. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो राग, कालच्याहून मोठा, आणि आता तो कोणा एकावर टाकून मोकळं होता येत नव्हतं. सरांनी ओळखलं होतं की हे दोघं न वाचता दाबतील. एक कळत नाही म्हणून, दुसरी विश्वास आहे म्हणून. ते डिंगोऱ्याचे होते. दुःखाच्या घरात काय चालतं ते त्यांना पुण्यातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि मग तेराव्याचीही वाट न बघता, दहाव्यालाच, चपला काढून ते माइकपाशी उभे राहिले होते.

दुपारी सरांचाच फोन आला. जर्नलच्या कचेरीने त्यांनाही कळवलं होतं की फॉर्मची प्रत मागितली गेली आहे.

“तेजस्विनी, तू काय करायच्या विचारात आहेस?”

“संपादकांना लिहिणार आहे.”

“काय लिहिणार? संमतीवर तुझीसुद्धा सही आहे.”

“तेच पहिल्यांदा लिहिणार आहे.”

“वेडेपणा करू नकोस. पेपर थांबवतील. चौकशी लागेल. डिसेंबरात तुझा प्रबंध जमा करायचाय आणि त्याला छापलेला पेपर लागतो. सहा वर्षं घातलीस तू. आणि तुझ्या भावाने खोटी सही केलीय, ते कुठल्या कलमात बसतं ते माहितीये का तुला?”

“करून घेतली कोणी, सर?”

“मी लिंक दाब म्हटलं. सही कर म्हटलं नाही.”

“त्याने सांगितलंय, नाव टाइप करा म्हणालात.”

“तोंडी.” सर थांबले, मग त्यांचा सूर मऊ झाला. “ऐक. आभारात त्यांचं नाव घालू. पूर्ण नाव, गावासकट. लोहार शब्द काढू. प्रूफमध्ये अजून होतं ते. तू शांत डोक्याने विचार कर, आण्णांना काय आवडलं असतं? पोरीची पीएच.डी. की स्वतःचं नाव?”

तेजस्विनीला तो प्रश्न ऐकून आश्चर्य वाटलं नाही. हाच येणार हे तिला माहीत होतं. मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे सांगायला नेहमी जिवंत माणूसच पुढे येतो.

“त्यांना काय आवडलं असतं ते ठरवायचा हक्क तुम्ही माझ्याकडे आणि सूरजकडे ठेवला नाहीत,” ती म्हणाली. “स्वतःकडेही ठेवू नका. कोयते रोज फिरवायचे, हे कोणी सांगितलं होतं सर? तुम्ही तिथे होतात. दुसऱ्या फेरीच्या दिवशी तुम्ही बांधावर बसून हुरडा खात होतात.”

ते मध्ये बोलायला गेले, पण ती थांबली नाही.

“नाव परत घाला, नाहीतर पेपर मागे घेईन. पहिली लेखिका म्हणून तेवढं मला येतं.”

“तुझं नुकसान करून घेशील.”

“घेईन.”

तिने फोन ठेवला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण जोरात बोलत होतो. गोठ्यातून सूरज येऊन दारात उभा होता. कालपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि फॉर्मवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय?” तो म्हणाला.

“मी. तुझ्यानंतर अठ्ठावीस मिनिटांनी.”

सूरजने नाव वाचलं, वेळ वाचली. त्याने काल ऐकलेलं सगळं तिला परत ऐकवलं असतं तर तिने ते ऐकून घेतलं असतं. ती त्याच तयारीने उभी होती. तो एवढंच म्हणाला, “तुला तर येतंय की इंग्लिश.”

“हो.”

“मग आता?”

“मी माझं लिहिते. तू तुझं लिही. सरांनी कधी फोन केला, काय म्हणाले, तू काय दाबलंस. मराठीत लिही, खाली तुझी सही कर. तुझी. भाषांतर मी करीन, पण एक शब्द बदलणार नाही.”

“पोलीस येतील का?”

“माहीत नाही. बहुतेक नाही. पण मी तुला खोटं सांगणार नाही.”

सूरज हात धुऊन आला. समृद्धीने पोराच्या वहीतली दोन पानं फाडून दिली. तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहायला लागला, शाळेत लिहायचा तसा, जीभ दातांत धरून. साळुबाई चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघत होत्या. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची हे काल त्यांना कळलं नव्हतं. आज तो प्रश्न उरला नव्हता.

तेजस्विनीने आपलं पत्र सुरू केलं. काल तयार झालेली धारदार वाक्यं तिला आठवत होती, पण त्यांतलं एकही तिने घेतलं नाही. ‘अठरा ऑगस्टच्या फॉर्मवरील माझी संमती मी न वाचता दिली. ती मी मागे घेत आहे. त्याच फॉर्मवरील माझ्या वडिलांची संमती त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी नोंदवलेली आहे. मृत्यूचा दाखला व माझ्या भावाचं निवेदन सोबत जोडत आहे.’ मग तिने शेतातल्या चाचणीबद्दल लिहिलं, कोणी काय सुचवलं, कधी, कोणासमोर. मे महिन्यात मूळ फॉर्मवर भरलेल्या चौकटींकडे लक्ष वेधलं. शेवटी लिहिलं की दादाभाऊ पोखरकर यांचं नाव दुसरे लेखक म्हणून पूर्ववत होईपर्यंत हा लेख छापू नये, आणि ते होणार नसेल तर तो मागे घेतला आहे असं समजावं.

सूरजने पानं पुढे केली. दीड पान झालं होतं. तिने वाचलं. सगळं खरं होतं, फोनच्या वेळेसकट. मध्ये एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं: ‘आमच्या वडिलांनी या संशोधनात ताईला मदत केली होती.’

“हे चुकलंय,” ती म्हणाली.

“तूच म्हणलीस एक शब्द बदलणार न्हाई.”

“म्हणूनच मी बदलत नाही. तू बदल. मदत नाही केली त्यांनी.”

“मग काय लिहू?”

ती उत्तर द्यायच्या आत साळुबाई बोलल्या. “लिही, की कोयते फिरवायचं त्यांनी ठरवलं. नऊ दिवस पहाटं उठून फडावर ते जात व्हते, ही पोरगी पुण्याला असली तरीबी. कानशीचा आकडा ते मोजत व्हते. भागू लबाडी करायचा, त्याला त्यांनी दोनदा पकडला. तेबी लिही.”

“भागूचं कशाला, आई?”

“झालंय ते लिही.”

सूरजने आधीची ओळ खोडली, खोडलेल्यावर बारीक सही केली, कारण सोसायटीत तशीच करायला सांगतात, आणि नवीन पान मागून घेतलं. आई सांगत गेली तसा तो लिहीत गेला. भागूसुद्धा लिहिला.

पाच वाजता तेजस्विनीने सगळं पाठवलं. मग फोन उचलून विद्यापीठाच्या कचेरीतल्या ओळखीच्या बाईंना, साधनाताईंना विचारलं, डिसेंबर हुकला तर मुदतवाढीचा अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा. त्यांनी तो मेलवर पाठवला. दोन पानी होता. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.